आधी कॅबिनेट उघडा, मग कोटेशन मागवा

मार्च एंड जवळ आलाय. शिल्लक निधी खर्ची टाकायची दरवर्षीची धावपळ सुरू झालीये, आणि यंदा या धावपळीला एक नवं निमित्त मिळालंय. "विंडोज टेन बंद झालं. आता सगळे कॉम्प्युटर बदलावे लागणार."

शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, पतसंस्था. गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य आपल्या तालुक्यात मी पाच-सहा ठिकाणी तरी ऐकलं. वाक्याच्या मागोमाग टेबलावर कोटेशन येतं. दहा नग, बेचाळीस हजाराला एक, एकूण चार लाख वीस हजार. पैसे असतील तर लगेच खरेदी, नसतील तर "निधी आला की बघू" आणि तोवर खोलीला कुलूप.

मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. या कॉम्प्युटरपैकी बरेचसे तीन-साडेतीन हजारांत पुढची चार-पाच वर्षं चालू शकतात. सगळे नाही, पण बरेचसे. आणि कुठले चालतील, कुठले नाही, हे ठरवायला इंजिनियर लागत नाही. एक चार स्टारी स्क्रू ड्रायव्हर आणि एक दुपार पुरते. पोस्ट मोठी आहे. पण पैसा तुमच्या-माझ्या घरपट्टीतला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी माझ्याबद्दल एक ओळ. मी कॉम्प्युटर विकत नाही, माझं दुरुस्तीचं दुकानही नाही. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हंगाम संपला की आम्ही अख्खी मिल उघडतो, बेअरिंग बघतो, झिजलेलं बदलतो, बाकीचं साफ करून परत बसवतो. रोलर झिजला म्हणून नवा कारखाना बांधा असं कुणी म्हणालं तर त्याला गेटबाहेर काढतील. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण सगळे हेच म्हणतोय.

विंडोज टेनचं नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडला असा नाही. तो आदल्या दिवशी जसा सुरू होत होता तसाच दुसऱ्या दिवशीही झाला. थांबले ते सुरक्षेचे फुकटचे अपडेट. ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, लोकांचे आधार नंबर भरले जातात, ते मशीन अपडेटशिवाय इंटरनेटला ठेवणं धोक्याचंच आहे. पण "धोका आहे, उपाय करा" आणि "भंगारात काढा" यात फरक आहे.

उपाय आहेत. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलीये. मायक्रोसॉफ्ट खात्याला सेटिंग जोडून ठेवली तर त्याला पैसेही पडत नाहीत. शिक्षण संस्थांसाठी वेगळा दर जाहीर झालाय: पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. पण आत असलेलं विंडोज अस्सल हवं. आता आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये दुकानदाराने "टाकून दिलेलं" विंडोज किती अस्सल असतं हे मी सांगायला नको. त्याचाही उपाय पुढे येतोच.

राहिलं विंडोज इलेव्हन. त्याला मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. आय-३ किंवा आय-५ च्या पुढे चार आकडी नंबर असेल, तर त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. आय-३ ३२२० म्हणजे तिसरी. आय-५ ८४०० म्हणजे आठवी. २०१८ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीनं या अटीत बसत नाहीत. म्हणून ती "जुनी" झाली. त्यांच्यात बिघाड झालाय असं नाही, अट बदललीये. हे दोन्ही एकच समजून आपण कोटेशन मागवतोय.

आमच्या शाळेतल्या दहा मशीनची गोष्ट

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत संगणक कक्ष आहे. दहा मशीनं. काही लोकवर्गणीतून, काही ग्रामपंचायतीच्या पैशातून आलेली. २०२२ पासून त्या खोलीला कुलूप होतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सगळे हँग होतात, काही चालूच होत नाहीत." गेल्या दिवाळीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव केला. मी, गावातली आयटीआय झालेली दोन पोरं आणि एक शिक्षक असे चौघं सलग तीन रविवार बसलो.

पहिला रविवार नुसता साफसफाईत गेला. कॅबिनेट उघडली तर आत धुळीचा थर, एकात पालीची अंडी, एकात उंदराने कुरतडलेली वायर. ब्लोअर मारला. जी मशीनं "चालूच होत नाहीत" म्हणून बाजूला पडली होती त्यातल्या तिघांची रॅम काढली, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने घासले आणि परत बसवली. दोन मशीनं तिथेच सुरू झाली. खर्च शून्य. पावसाळ्यातली दमट हवा त्या दातांवर बसते आणि संपर्क तुटतो, एवढंच झालं होतं. त्यासाठी दोन्ही मशीनं तीन वर्षं झाकून ठेवली होती.

दहातली दोन फारच जुनी निघाली, डीडीआर-२ रॅमवाली. त्यांच्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. एकाचा मदरबोर्ड गेलेला होता. उरली सात. सगळी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची आय-३, एच-६१ मदरबोर्डवर. २०११ ते २०१४ च्या सुमारास आपल्याकडे असेंबल झालेलं मशीन उघडलं तर हाच बोर्ड सापडायची शक्यता खूप.

या सातांना काय लागलं, पै-पैचा हिशेब देतो:

२४० जीबीच्या एसएसडी सात, १,९०० प्रमाणे: १३,३००
वापरलेली ४ जीबी डीडीआर-३ रॅम सात, ४५० प्रमाणे: ३,१५०
एसएमपीएस दोन, ७५० प्रमाणे: १,५००
यूपीएसच्या बॅटऱ्या तीन, ९५० प्रमाणे: २,८५०
कीबोर्ड-माऊसचे चार जोड, ५०० प्रमाणे: २,०००
साटा केबल सात, ६० प्रमाणे: ४२०
मदरबोर्डवरचे सेल सात, ४० प्रमाणे: २८०
थर्मल पेस्ट: १५०

एकूण २३,६५० रुपये. मशीनमागे साडेतीन हजारांच्या आत. मजुरी धरली नाही, कारण आम्ही घेतली नाही. बाहेरून करून घेतलं तर मशीनमागे चार-पाचशे आणखी धरा. कोटेशनमधल्या एका नव्या कॉम्प्युटरच्या पैशात आमची सातही मशीनं मजुरीसकट उभी राहिली असती.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. हे दर दिवाळीच्या आधीचे आहेत. त्यानंतर जगभर मेमरीचे भाव भडकलेत. एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरसाठी चिपा तिकडे वळल्यात आणि त्याची झळ आपल्या तालुक्यातल्या दुकानापर्यंत पोचलीये. आज तुम्ही घ्यायला गेलात तर जास्त पडेल, दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या. पण लक्षात घ्या, जी मेमरी जुन्या मशीनमध्ये महागली तीच नव्या मशीनच्या पोटातही असते. म्हणजे कोटेशनही वाढणारच. दुरुस्तीची बाजू त्यामुळे कमजोर होत नाही.

पैसे कमी असतील तर कुठल्या क्रमाने घालायचे

हे नीट वाचा, कारण दुकानदार बऱ्याचदा उलट्या क्रमाने सांगतो.

पहिला पैसा एसएसडीवर. जुनं मशीन "हँग होतं" याचं दहातल्या आठ वेळा कारण म्हणजे हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी फिरते, बऱ्याच डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे, आणि एक सुई त्या तबकडीवर फाईल शोधत हिंडते. विंडोज सुरू होताना एकाच वेळी शेकडो बारक्या फाईली मागतं. गोदामात एकच हमाल आणि दारात शंभर गिऱ्हाईकं, अशी तिची गत होते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे शोधाशोधीचा वेळच जातो. आमच्या मशीनला सुरू व्हायला तीन मिनिटं लागत होती, आता अर्ध्या मिनिटाच्या आत होतात. यात महागडी एसएसडी घेऊ नका. एच-६१ सारख्या जुन्या बोर्डवरचे साटा पोर्ट जुन्या वेगाचे असतात, महागड्या डिस्कचा जादा वेग तिथे वापरलाच जात नाही. साधी, वॉरंटीवाली, २४० किंवा २५६ जीबीची पुरते.

दुसरा पैसा रॅमवर. ८ जीबी असेल तर उत्तम, साध्या कामाला निदान ४ हवी. घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. दोन, आतलं विंडोज ३२ बिटचं आहे का ते बघा. तसं असेल तर ते ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरतच नाही. एका वाचनालयात असाच प्रकार बघितला, रॅम वाढवून दिली, बिल झालं, आणि विंडोज तेच ठेवलं. वेग जागच्या जागी.

तिसरा पैसा वीजपुरवठ्यावर. आपल्याकडचे व्होल्टेजचे झटके आणि अचानक जाणारी लाईट हीच जुन्या मशीनची खरी दुश्मन. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, मग यूपीएस नुसता टेबलावरचा दगड. साडेनऊशेची बॅटरी वाचवायची आणि हजारोंची मशीनं जाळायची, हे आपल्या बहुतेक कार्यालयांत चाललंय. अर्थिंगही तपासून घ्या. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो अख्खाच बदलायचा. ब्रँडेड मशीन असेल तर आधी खात्री करा, काही कंपन्यांचे एसएमपीएस वेगळ्या मापाचे आणि वेगळ्या पिनचे असतात, बाजारातला साधा त्याला बसत नाही.

आणि चाळीस रुपयांचा सेल विसरू नका. मदरबोर्डवर नाण्यासारखा असतो, सीआर २०३२. तो संपला की घड्याळ मागे जातं, तारीख भलतीच दिसते, आणि मग कुठलीच सरकारी वेबसाईट नीट उघडत नाही कारण तारीख चुकली की सुरक्षेचं प्रमाणपत्र जुळत नाही. "नेट चालत नाही" म्हणून बंद ठेवलेली मशीनं मी या एका सेलवर सुरू झालेली बघितलीत.

प्रोसेसर बदलणं, ग्राफिक कार्ड, रंगीत लाईटवालं कॅबिनेट या भानगडीत पडू नका. ते पैसे आणखी एका मशीनच्या एसएसडीला लावा.

कुठे थांबायचं

मी जुन्याचा भक्त नाही. काही मशीनं सोडूनच द्यावी लागतात. डीडीआर-२ रॅमवाली मशीनं सोडा. मदरबोर्ड गेला असेल तर जुन्या सॉकेटचा बोर्ड शोधत बसू नका, त्या मशीनचे बाकीचे भाग दुसऱ्यांना वापरा. दुरुस्तीचा आकडा सहा-सात हजारांच्या पुढे जायला लागला की थांबा आणि कंपन्यांनी वापरून परत दिलेले, तपासून विकले जाणारे डेस्कटॉप बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा माल पूर्वीपासून मिळतो, आता जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतो. तिथे आठव्या पिढीचं मशीन मागा, विंडोज इलेव्हन चालतं का ते समोर बघा, आणि लेखी वॉरंटी घ्या.

ग्रामपंचायतीच्या मुख्य कॉम्प्युटरबद्दल माझं मत वेगळं आहे. ई-ग्रामस्वराजवरची देणी डिजिटल सही वापरून जातात. ती सहीची डोंगल, त्याचे ड्रायव्हर, सगळं विंडोजवर नीट चालतं. गावाच्या खात्याला हात घालणारं मशीन नवं, अस्सल विंडोजचं आणि अपडेट मिळणारंच हवं. तिथे काटकसर नको. एक मशीन नवं घ्या, बेचाळीस हजार जाऊ द्या. पण त्याच्याबरोबर दाखल्यांच्या टेबलावरचं, वाचनालयातलं आणि शाळेतली दहा, अशी सगळी एकाच दमात "कालबाह्य" ठरवू नका.

मुलांच्या मशीनवर विंडोज हवंच का?

आमच्या सातही मशीनवर आता लिनक्स मिंट आहे. फुकट आहे, कायदेशीर आहे, अपडेट चालू आहेत, आणि ४ जीबी रॅमवर बरं चालतं. लिबर ऑफिसमध्ये मुलं पत्र लिहितात, तक्ते करतात. स्क्रॅच चालतं, जिओजेब्रा चालतं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन सुरू केला की झालं.

"लिनक्स आपल्याकडे कोण वापरतं?" हा प्रश्न हमखास येतो. केरळ. तिथे आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, आता ते काम काईट ही सरकारी कंपनी बघते, आणि तिथल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतायत. सी-डॅकने बॉस नावाचं भारतीय लिनक्स केलंय. म्हणजे ही काही हौशी पोरांची टूम नाही.

अडचण खरी एकच आहे, जुन्या मराठी फाँटची. श्रीलिपी, कृतिदेवमध्ये केलेल्या फाईली लिनक्सवर तशाच उघडल्या तर अक्षरांची खिचडी दिसते. कार्यालयात जिथे अशा वीस वर्षांच्या फाईली आहेत तिथे एक विंडोज मशीन ठेवावंच लागेल. पण सातवीतल्या पोरीला कृतिदेव शिकवायची गरजच काय? तिला युनिकोडच शिकवा. तिने टाईप केलेलं मोबाईलवरही दिसलं पाहिजे आणि सरकारी अर्जातही चाललं पाहिजे.

मग दुरुस्ती का होत नाही?

पैसे नाहीत म्हणून? समग्र शिक्षा योजनेत शाळांना संयुक्त शाळा अनुदान मिळतं, पटसंख्येनुसार दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. बंद पडलेली उपकरणं बदलणं, वीजबिल, इंटरनेट, प्रयोगशाळेचा खर्च, यासाठीच ते आहे. रक्कम तुटपुंजी आहे, उशिरा येते, त्यात खडूपासून फिनाईलपर्यंत सगळं भागवायचं असतं, हे मला मान्य आहे. पण वर्षाला दोन मशीनं उभी करता येतील एवढी जागा बऱ्याच शाळांत निघू शकते. ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ४० टक्के भाग अबंधित होता. स्वतःचं उत्पन्न वेगळं.

खरं कारण मला वेगळं वाटतं. नव्या वस्तूचं उद्घाटन होतं. फीत कापता येते, फोटो निघतो, फ्लेक्स लागतो. सात एसएसडीचं उद्घाटन कोण करणार? कोटेशन, मंजुरी, खरेदी, बिल हा रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा आहे. दुरुस्तीला तसा रस्ताच नाही.

दुसरं कारण भीतीचं आहे, आणि त्यात मुख्याध्यापकांना दोष देण्यासारखं काही नाही. डेडस्टॉक रजिस्टरला "संगणक १ नग" अशी नोंद असते. आतली हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या मशीनची रॅम यात बसवली, आणि उद्या ऑडिटला कुणी विचारलं तर उत्तर कुणी द्यायचं? बंद मशीन कपड्याने झाकून ठेवलं तर कुणी काही विचारत नाही. उघडलं तर विचारतात. ज्या व्यवस्थेत हात न लावणं सगळ्यात सुरक्षित असतं, तिथे वस्तू धूळच खाणार.

यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. आधी समितीचा ठराव. प्रत्येक मशीनचा उघडण्याआधीचा आणि नंतरचा फोटो. कुठल्या मशीनमधून काय काढलं, कुठे बसवलं याची वेगळी वही, तिच्यावर मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्षांच्या सह्या. सगळी बिलं शाळेच्या नावावर. काढलेला प्रत्येक भाग एका खोक्यात, चिठ्ठी लावून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ही समिती सहीपुरती ठेवायची की कामाला लावायची, हे पालकांनी ठरवायचंय.

जुन्या हार्ड डिस्क मात्र भंगारवाल्याला देऊ नका. त्यात मुलांचे आधार नंबर, पालकांची बँक खाती, सगळं असतं. पुसून घ्या, नाहीतर ड्रिलने भोक पाडा. आणि निर्लेखन झालेली मशीनं ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रालाच द्या. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे त्यातली तांब्याची वायर काढायला प्लास्टिक जाळतात, त्याचा धूर आपल्याच नाकात जातो.

"आमच्या मुलांना जुनंच का?"

हा प्रश्न मला एका पालकाने तोंडावर विचारला, आणि तो चुकीचा नाही. शहरातल्या शाळेत नवे कोरे कॉम्प्युटर आणि झेडपीच्या पोरांना खोडरबरने घासलेली रॅम? दुरुस्तीच्या नावाखाली सरकारने आपली जबाबदारी झटकावी असं मलाही वाटत नाही. नवी मशीनं मागा, जोरात मागा. मीही मागतोय.

पण मागणी मंजूर होईपर्यंत मुलं थांबत नाहीत. आमच्या लॅबला २०२२ मध्ये कुलूप लागलं, त्या वर्षी पाचवीत आलेली मुलं यंदा आठवी संपवून बाहेर पडतायत. चार वर्षांतले फक्त शेवटचे काही महिने त्यांना कीबोर्डला हात लावायला मिळाला. दिवाळीआधी खोली उघडली नसती तर तेही मिळाले नसते. केंद्राच्या यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांमध्येच चालू स्थितीतले संगणक आहेत असं दिसतं. उरलेल्या शाळांपैकी किती ठिकाणी खोली आहे, मशीन आहे आणि फक्त कुलूप आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन बघावं.

"मोबाईल आहे की सगळ्यांकडे" हे उत्तरही देऊ नका. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. २०२३ ची तलाठी भरती कॉम्प्युटरवर झाली. आपली पोरं परीक्षा केंद्रावर जाऊन आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरतात, आणि प्रश्न येत असूनही वेळेत मागे पडतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या शहरातल्या पोराने सातवीपासून तो हातात धरलेला असतो. ही दरी बुद्धीची नाहीये. ही दरी कधीकधी चाळीस रुपयांच्या सेलची असते.

आणि अजून एक. नवी दहा मशीनं आली तरी त्यांच्या देखभालीची तजवीज नसेल, तर पाच वर्षांनी त्यांचीही तीच गत होणार. धूळ नव्या-जुन्यात फरक करत नाही.

माझ्या मागण्या

एक. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेतल्या, वाचनालयातल्या आणि ग्रामपंचायतीतल्या बंद कॉम्प्युटरची यादी करा: प्रोसेसर कुठला, रॅम किती, बिघाड काय. ही यादी झाल्याशिवाय नव्या खरेदीचं कोटेशन मागवू नका.

दोन. कॉम्प्युटरच्या कुठल्याही खरेदीत दरवर्षीच्या देखभालीची रक्कम आधीच बाजूला काढा. दहा टक्के ठेवले तरी चालतील.

तीन. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तालुक्यातल्या लॅब दुरुस्तीला लावा. मानधन द्या, प्रमाणपत्र द्या. त्यांना खरी मशीनं हाताळायला मिळतील.

चार. भाग अदलाबदल आणि निर्लेखनाची पद्धत एका पानावर, सोप्या मराठीत, प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हातात द्या. भीती गेली की कुलपं उघडतील.

यातली चौथी मागणी बिनपैशाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात व्हायला हरकत नसावी.

३१ मार्चच्या आत तुमच्या गावात कॉम्प्युटर खरेदीचा विषय आला, तर बैठकीत एवढंच विचारा: "जुनी उघडून बघितली का?" उत्तर "हो" आलं तर यादी मागा. "नाही" आलं तर विषय पुढच्या बैठकीवर ढकला आणि रविवारी चार पोरं घेऊन शाळेत जा. खोडरबर घरचाच न्या.